एका चोखंदळ माशाची खाणावळ

घरी पाहुणा यावा आणि त्याला आपल्या घरचे काहीच चालू नये, हा प्रसंग आपल्या गृहिणींच्या चांगल्या परिचयाचा आहे. कुणाला कांदा-लसूण वर्ज्य, कुणाला रात्रीचा भात बाधतो, कुणाला आमटी चालते पण फोडणी चालत नाही. या सगळ्यांवर ताण करणारा एक पाहुणा मला गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत, न्यू जर्सीला, माझ्या भाच्याच्या घरी भेटला. वाढलेल्या अन्नाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याला अन्न जिवंत लागते, तिळाहून बारीक लागते, आणि ते त्याचे त्याने दिवसभर हिंडून, शोधून, एकेक कण टिपून खाल्लेले लागते. हे पथ्य मोडले तर तो भांडत नाही, रुसत नाही. गुपचूप उपाशी राहतो आणि काही आठवड्यांनी मरून जातो.

हा पाहुणा म्हणजे मँडारिन नावाचा मासा. लांबीने आपल्या मधल्या बोटाएवढा. पण रंग काय वर्णावेत! गडद निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, त्यांच्या कडेने हिरव्याची झाक, आणि पंखांवर निळ्या किनारी. पैठणीचा एखादा तुकडा कातरून पाण्यात सोडावा तसा. चिनी बादशहाच्या दरबारातले अधिकारी जे भरजरी झगे घालीत, त्यांवरून याला मँडारिन म्हणू लागले. गंमत अशी, की हा शब्द चिनी नाहीच. आपल्या संस्कृतातला ‘मंत्री’ मलायी भाषेत गेला, तिथून पोर्तुगिजांच्या तोंडी बसला आणि त्यांनी तो चीनच्या अधिकाऱ्यांना चिकटवला. तेव्हा हे मंत्रिमहाशय नात्याने आपल्याकडचेच म्हणायचे!

शास्त्रज्ञांना या माशाची ओळख तशी अलीकडची. आल्बर्ट हेर या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने १९२७ साली फिलिपाइन्समधून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, पश्चिम पॅसिफिकच्या उथळ, शांत खाड्यांमधल्या प्रवाळांच्या चुऱ्यात तो राहतो. त्याच्या अंगावर खवले नाहीत; त्याऐवजी बेचव, बुळबुळीत असा जाड थर असतो, त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि त्याचा निळा रंग हे एक नवलच आहे. मोराचा किंवा फुलपाखराचा निळा हा खरा रंग नव्हे. पिसांच्या आणि पंखांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश खेळतो आणि आपल्याला निळे दिसते. मँडारिनच्या कातडीत मात्र खराखुरा निळा रंग भरलेल्या पेशी आहेत, असे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. प्राणिसृष्टीत ही गोष्ट फार विरळा.

एवढा देखणा मासा पाहिल्यावर कुणाला तो आपल्या टाकीत हवासा वाटणार नाही? माझ्या भाच्यालाही वाटला. त्याच्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तीत प्रवाळ आहेत, आणि त्यांच्यामधून पाचसहा रंगीत मासे हिंडतात. दुकानदाराने सांगितले, “हा गरीब मासा आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाकीत जे पडेल ते खाईल.” पहिले वाक्य खरे होते. दुसऱ्या वाक्याने त्या माशाचा जीव घेतला.

भाचा सांगत होता, “मामा, पहिला महिना मी अगदी निर्धास्त होतो. मी खाणं टाकलं की बाकीचे मासे धावत यायचे. हा यायचा नाही, पण दिवसभर दगडांवर काहीतरी टिपत असायचा. मला वाटलं, उरलंसुरलं खात असेल. पुढे त्याचं पोट आत गेलेलं दिसलं. मी कोळंबीचा चुरा दिला, गोठवलेले किडे दिले, नळीने अगदी तोंडाशी नेऊन दिले. तो बघायचा आणि बाजूला व्हायचा. आठव्या आठवड्यात गेला. भरल्या घरात उपाशी!”

‘भरल्या घरात उपाशी’ हे शब्द भाच्याच्या मनाला लागून राहिले होते. इतर माणसे अशा वेळी टाकी विकतात किंवा दुसरा मासा आणतात. भाच्याने यांतले काहीच केले नाही. तो दिवसभर काय टिपत होता, याचा शोध त्याने सुरू केला.

पलाऊ बेटांजवळच्या मँडारिन माशांची पोटे तपासून संशोधकांनी त्यांच्या आहाराची यादी केलेली आहे. तीत बारीक समुद्री कृमी, इवल्याशा गोगलगायी, माशांची अंडी वगैरे पदार्थ असले, तरी मुख्य नाव येते ते कोपेपॉड या कवचधारी जिवांचे. ग्रीक भाषेत ‘कोपे’ म्हणजे वल्हे आणि ‘पोड’ म्हणजे पाय. वल्ह्यासारख्या पायांनी पाणी मारीत चालणारा हा जीव कोळंबीचा आणि खेकड्याचा दूरचा भाऊबंद लागतो. यांतले बहुतेक एक-दोन मिलिमीटरच्या आसपास. समुद्रात त्यांची संख्या अगणित आहे, आणि समुद्रातल्या निम्म्याअधिक जिवांचा संसार या ना त्या वाटेने त्यांच्यावरच चालतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

टाकीत जे दगड घातलेले असतात, त्यांच्या भोकाभोकांतून हे कोपेपॉड आपोआप वस्ती करून असतात. भाच्याच्या पहिल्या मँडारिनने ती वस्ती महिन्याभरात साफ केली आणि नंतर त्याला खायला काही उरले नाही. भाच्याचा आठ वर्षांचा मुलगा फार चौकस. त्याने घड्याळ लावून आताच्या माशाच्या टोचा मोजल्या. मिनिटाला सहा. मग आम्ही आजा-नातवाने कागदावर हिशेब मांडला. दिवसाचे दहा तास धरले तर छत्तीसशे टोचा. निम्म्या फुकट गेल्या असे मानले तरी दिवसाकाठी अठराशे जीव! आणि हा एका बोटभर माशाचा शिधा. एकदम पोटभर जेवून दोन दिवस पडून राहण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. रोज, उगवत्या दिव्यापासून मावळत्या दिव्यापर्यंत टिपत राहणे, एवढेच त्याला माहीत.

म्हणजे प्रश्न मासा पाळण्याचा नव्हताच. मासा सोशीक आहे, त्याला सहसा रोग जडत नाही, तो कुणाशी भांडत नाही. पाळायचे होते ते त्याचे अन्न. आणि त्या अन्नाचेही अन्न.

टाकीचे पाणी निसर्गाच्या हाती सोपवायचे, ही कल्पना जुनीच आहे. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली होती. समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्यावर आणि ज्यांच्या आत सूक्ष्म जीव नांदत आहेत असे दगड, त्यांनी टाकीत घातले, थोडे हवेचे बुडबुडे सोडले, आणि पाणी शुद्ध ठेवण्याचे काम त्या जिवांवरच सोपवले. भाच्याने तिथूनच सुरुवात केली. दगडांची रास वाढवली. टाकीच्या खालच्या कपाटात दुसरी एक लहान टाकी बसवली आणि वरच्या टाकीचे पाणी तिच्यातून फिरवले. त्या खालच्या टाकीत एकही मासा नाही. लोकरीचा गुंता व्हावा तसे दिसणारे एक हिरवे शैवाल मात्र आहे, आणि त्या गुंत्यात कोपेपॉड निर्धास्तपणे अंडी घालतात. भाचेसून या टाकीला ‘माहेर’ म्हणते. त्यांच्या लेकी प्रवाहाबरोबर वर सासरी जातात आणि सासरी त्यांचे काय होते ते आपण पाहिलेच! वरचा दिवा मालवला की माहेरचा दिवा लागतो. दिवसा वर आणि रात्री खाली अशी वनस्पतींची पाळी लावली, म्हणजे पाण्याची आम्लता रात्री फारशी बदलत नाही.

एवढे करूनही भाच्याने मासा आणला नाही. सहा महिने थांबला. रात्री विजेरीच्या उजेडात काचेवर पांढरे ठिपके धावताना दिसू लागले, तेव्हा कुठे दुसरा मँडारिन घरात आला.

पण निव्वळ माहेरच्या भरवशावर हा संसार चालेना. शिधा कमी पडू लागला. तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी तीन बाटल्या आणि एक बरणी आली. बाटल्यांत मीठपाणी, त्यात वनस्पतींना लागणारे खत थेंबभर, बारीक नळीने सतत हवेचे बुडबुडे, आणि रोज सोळा तास दिव्याचा उजेड. त्या पाण्यात वाढते ते सूक्ष्म शैवाल. दोन बाटल्यांत हिरवे, एकीत सोनेरी-तपकिरी. दोन्हींतली पोषक द्रव्ये वेगवेगळी. हिरव्या शैवालाचा एकेक कण मिलिमीटरचा दोन ते चार हजारांश भाग. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याचा रंग दिसतो: आधी पिस्त्यासारखा फिका, आठवड्याभरात पालकाच्या भाजीसारखा दाट. मग निम्मे पाणी काढून घ्यायचे, निम्मे ठेवायचे, आणि नवे मीठपाणी घालून बाटली पुन्हा भरायची.

हे ऐकताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अगंबाई, म्हणजे विरजणच की!”

अगदी बरोबर. सगळी विद्या विरजणाचीच आहे. काढलेले हिरवे पाणी बरणीतल्या कोपेपॉडांना घालायचे. ते खाऊन बरणीतली मादी शेपटीशी अंड्यांची पिशवी घेऊन हिंडते. पिले बाहेर पडतात, कात टाकत टाकत सहा अवस्था बालपणाच्या आणि पाच तारुण्याच्या पार करून दोनतीन आठवड्यांत स्वतः आई-बाप होतात. रोज वाटीभर पाणी बरणीतून काढून वरच्या टाकीत सोडायचे, तेही रात्री, दिवा आणि पंप बंद करून, म्हणजे ते दगडांत शिरून बसतात. सोवळे मात्र कडक पाळायचे. बरणीत बुडवलेला चमचा हिरव्या बाटलीला लागता कामा नये. एक जरी मादी तिकडे गेली, तरी गाईला कडब्याच्या गंजीत मोकळे सोडल्यासारखे होते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात आर्टेमियाची अंडी मिळतात की! मिळतात. आर्टेमिया म्हणजे मिठागरातली कोळंबी. तिची सुकलेली अंडी वर्षानुवर्षे डब्यात राहतात आणि मीठपाण्यात घातली की एका दिवसात जिवंत पिले बाहेर येतात. सॅन फ्रान्सिस्कोचे आल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेचे रोलेफसेन यांनी १९३९ साली ही पिले माशांच्या बाळांना भरवता येतात हे दाखवले, आणि जगभरच्या मत्स्यपालनाची एक मोठी अडचण दूर झाली. आपल्या मुंबईच्या मिठागरांतही हा जीव असल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली केली होती. मँडारिनही ही पिले पुष्कळदा खातो. पण पिलू जन्मते तेव्हा बरोबर जी शिदोरी घेऊन येते, ती काही तासांत संपते. आणि सागरी माशाला लागणारी विशिष्ट स्निग्ध द्रव्ये तिच्यात मुळातच कमी. ती वेगळी चारून पिलांना पुष्ट करता येते, पण तसे न करता नुसत्या आर्टेमियावर मासा ठेवणे म्हणजे वाढत्या मुलाला चुरमुऱ्यांवर ठेवण्यासारखे आहे. तोंड चालू राहते, अंगी लागत नाही.

आता माझ्या हातून काय घडले ते सांगतो.

डिसेंबरच्या सुटीत भाचा सहकुटुंब एकोणीस दिवस फ्लोरिडाला गेला. थंडीमुळे आम्ही दोघे घरीच राहिलो, आणि मत्स्यमंत्र्यांची खाणावळ माझ्याकडे आली. भाच्याने कागदावर सगळे लिहून दिले होते. नातवाने जाताना एक वही दिली. टाकीच्या काचेवर त्याने पोस्टकार्डाएवढा चौकोन आखला होता. रोज रात्री विजेरी टाकून त्यातले ठिपके मोजायचे आणि वहीत लिहायचे. पहिल्या रात्री मी लिहिले: २८.

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी माझ्यातला टापटिपीचा गृहस्थ जागा झाला. तिन्ही बाटल्यांच्या बुडाशी हिरवट, तपकिरी गाळ साचलेला. कागदात त्याबद्दल काही लिहिलेले नव्हते. मी बाटल्यांतले पाणी तीन पातेल्यांत काढले, बाटल्या भांड्यांच्या साबणाने लख्ख घासल्या, विसळल्या आणि पाणी परत भरले. सौभाग्यवतींनी “त्याला विचारा तरी” असे सुचवले होते, हे मला इथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

सातव्या दिवशी हिरवे पाणी फिकट झाले, वर फेस आला आणि वास सुटला. आणि त्याच पाण्यातले वाटीभर मी आदल्या रात्री बरणीत घातले होते. बरणीच्या तळाशी पांढरी धूळ बसली होती. भिंगातून पाहिले. धूळ हलत नव्हती.

फोनवर भाचा क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, साबणाचा अंशही त्यांना सोसत नाही. चूक माझी, मी लिहायला हवं होतं. आता असं करा. फ्रिजमधे दुधाच्या मागे एक छोटी बाटली आहे.”

होती. झाकण घट्ट लावलेली, गडद हिरवी. विरजण कधी एका भांड्यात ठेवू नये, हे त्याने फार पूर्वी ठेच लागून शिकून ठेवले होते. थंडीत हे शैवाल काही आठवडे जिवंत राहते, मात्र बाटली अधूनमधून हलवावी लागते. मी गरम पाण्याने, नुसत्या पाण्याने, बाटल्या वीस वेळा विसळल्या, आणि तरीही धीर होईना म्हणून शेवटी दोन नव्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून त्याच वापरल्या. कोपेपॉडांसाठी माहेरच्या टाकीतला शैवालाचा एक गुंता बादलीतल्या खाऱ्या पाण्यात हलकेच झटकला आणि खाली उतरलेले जीव नव्या बरणीत घातले. पण बरणी भरायला दोन आठवडे लागणार. तोवर माशाला रोजची वाटी बंद.

त्या दिवसांत माझे सगळे लक्ष त्या बोटभर जिवाच्या पोटाकडे होते. पुढच्या पंखांच्या मागे त्याची कूस फुगीर दिसली पाहिजे. तिथे खळगा पडला, की समजावे मासा अंगावरचे खातो आहे. तो मात्र पूर्वीइतक्याच ऐटीत हिंडत असे. दगडाशी थबकायचा, डोळा एका बाजूला वळवायचा आणि टोच मारायचा. फक्त टोचांमधले अंतर वाढले होते. वहीत नवव्या रात्री १७. तेराव्या रात्री ९. त्या रात्री मला जेवण गेले नाही. पोटाचा विकार नव्हता. ज्याला बोलता येत नाही अशा जिवाचे जेवण आपण आपल्या हाताने धुऊन टाकले, हा विचार घास घेताना आडवा येत होता.

बाराव्या दिवशीच बाटलीत पिस्त्याचा रंग आला होता. चौदाव्या दिवशी मी त्यातले थोडे बरणीत आणि थोडे माहेरच्या टाकीत घातले. सतराव्या रात्री ठिपके ११ भरले. ते मी तीनदा मोजले. शिवाय भाच्याच्या सांगण्यावरून आर्टेमियाची ताजी पिले रोज सकाळी माशाच्या समोर सोडत होतो. तो त्यातली काही खाई, काही सोडी. अडल्या वेळी चुरमुरेही बरेच म्हणायचे.

एकोणिसाव्या संध्याकाळी मंडळी परतली. भाच्याने अंगातला ओव्हरकोटही काढला नाही. आम्हांला नमस्कार करण्याआधी तो टाकीपुढे वाकला. बराच वेळ पाहत राहिला. “वाळलाय,” तो म्हणाला, “पण आहे.” नातवाने वही मागून घेतली आणि शेवटचा आकडा वाचला: १५.

त्यानंतरच्या गप्पांत मी त्याला सरळच विचारले, की असला मासा मुळात पाळावाच का? त्याने वाद घातला नाही. फिलिपाइन्समध्ये पाणबुडे बारीक सुईसारख्या भाल्याने हे मासे पकडतात, आणि मोठे, डौलदार नर आधी उचलले जातात. सायंकाळी नर आणि मादी एकमेकांना बिलगून पाण्यात वर चढतात आणि अंडी सोडतात, असा त्यांचा रिवाज आहे. मोठे नर गेले की मागे राहिलेल्या माद्यांची पंचाईत होते. यावर एक उपाय निघाला आहे. २०१० साली फ्लोरिडातल्या एका संवर्धनगृहाने टाकीतच जन्मलेले मँडारिन विकायला काढले. लहानपणापासून सवय लावल्यामुळे असे मासे गोठवलेले अन्न आणि बारीक गोळ्याही पुष्कळदा खातात. यापुढे आणला तर तसाच आणीन, असे भाचा म्हणाला. माझे मत त्याच्याहून थोडे कडक आहे. ज्याच्या घरी हिरवी बाटली नाही आणि जो सहा महिने रिकामी टाकी पाहू शकत नाही, त्याने या माशाच्या वाटेला जाऊ नये, मग तो कुठे का जन्मलेला असेना.

आपल्याकडच्या हौशी वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या समुद्रातले प्रवाळ दिवाणखान्यात आणायला निघू नये. माझ्या पिढीने रंगीत मासे पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या, १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात, काचेला नाक लावून. ते मासे काय खातात, असा प्रश्न तेव्हा माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

आम्ही फेब्रुवारीत परत आलो. मार्चमध्ये नातवाचा फोन आला. “मामाआजोबा, काल मी मोजले. सांगा किती?”

मी म्हटले, “वीस?”

“एकतीस! आणि त्याचं पोट गोल झालंय. आणि बाबांनी बाटल्यांवर चिठ्ठी लावलीय.”

“काय लिहिलंय?”

तो जरा घुटमळला. मग हसू दाबत म्हणाला, “मामांनी हात लावू नये.”